चौथी चौकट

सुंदर, इन्स्पेक्टर लार्कमच्या गोष्टीतला गुन्हेगार मी कधीही ओळखला नाही. एकदासुद्धा नाही. मी तो आधीच पाहिलेला असायचा.

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. माझ्या बायकोला, विमलला नाही. तुझ्या अम्मालाही नाही, ती विचारत होती तरीसुद्धा. आणि तुला सांगायच्या जागा इतक्या आल्या नि गेल्या, की शेवटी ते न सांगणं हीच माझी सवय झाली. आता तू नाहीस आणि मला धीर आला आहे. यात शौर्य काही नाही, हे तू म्हणण्याआधी मीच म्हणतो.

इथल्या मराठी मंडळाच्या अंकासाठी तुझ्यावर मी लिहावं असं सगळ्यांचं म्हणणं पडलं. ‘तुम्ही त्यांचे लहानपणापासूनचे मित्र, किट्टूराव, तुमच्याशिवाय कोण लिहिणार?’ तुझं शिक्षण, गिंडीतला कारखाना, मंडळाच्या गणेशोत्सवात तू वर्षानुवर्षं केलेली मांडवाची वायरिंग, हे सगळं दुसरं कुणीही लिहील. मला त्रिप्लिकेनच्या आपल्या तिण्णैवरून सुरुवात करायची आहे. दाराबाहेरचा तो गुळगुळीत ओटा, अर्धा तुमचा, अर्धा आमचा. सकाळी अम्मा समोर रांगोळी घालायची आणि आपण पाय वर घेऊन बसायचो. पेपर आधी तुझे बाबा वाचायचे. ते संपवून उठले, की तू शेवटचं पान ओढायचास. शब्दकोड्याच्या खाली, तीन चौकटींत, लार्कम.

परदेशातली चित्रमाला, परदेशातलं धुकं, परदेशातले खून. आपल्याला काय त्याचं! इथे अंगाला बनियन चिकटतोय आणि तिथे लार्कम ओव्हरकोटाची कॉलर वर करून उभा. पण तू त्यात बुडायचास. दाढीच्या जुन्या ब्लेडने पट्टी कापायचास, बिस्किटांच्या डब्यात ठेवायचास, आणि मग खटला सुरू. ‘माळी नाही. माळ्याचे बूट बघ, कोरडे आहेत. वकील असेल. तू सांग.’ हरेल त्याने पुढच्या गोष्टीपर्यंत दोन्ही घरांची कार्डं घेऊन दुधाच्या बूथवर रांगेत उभं राहायचं, हा आपला करार. शाळेच्या वयात आपण निम्मे निम्मे उभे राहायचो. खरं म्हणजे मीच जास्त. तुझी नजर चांगली होती, माझी नव्हती.

मग मला त्या पेपरात नोकरी लागली, ब्लॉक करण्याच्या खात्यात. मोठ्या कॅमेऱ्याने चित्राचा फोटो काढायचा, जस्ताच्या पत्र्यावर उतरवायचा, ॲसिडने खायला लावायचा. बोटांचा वास साबणाने जात नसे. तू तमिळ ‘रे’ लावून म्हणायचास, ‘लांब बस डा, डोळे झोंबतात.’ त्याच खात्यात टपालाने जाड पाकीट यायचं. त्यात लार्कमच्या चकचकीत छापील पट्ट्या असायच्या. अख्खी गोष्ट एकदम, पहिल्या प्रेतापासून कोर्टातल्या निकालापर्यंत. त्या लावून ठेवणं माझं काम.

पहिल्या वेळी मी शेवट बघायचा नाही असं खरंच ठरवलं होतं. पट्ट्या उलट्या धरून मोजत होतो. पण लावताना कोण उलटं धरतं? शेवटच्या पट्टीत टोप घातलेला न्यायाधीश होता आणि पिंजऱ्यात डॉक्टर. त्या संध्याकाळी तू विचारलंस, तेव्हा मी सहज बोलून गेलो, ‘डॉक्टरवर लक्ष ठेव.’ तू हसलास. गोष्ट संपली, तेव्हा तू पेपर हातात घेऊन आमच्या घरात आलास आणि आईला म्हणालास, ‘मामी, तुमच्या किट्टूचं डोकं बघा!’

तेवढ्यासाठी, सुंदर. तुझ्या तोंडच्या तेवढ्या वाक्यासाठी. तू मेकॅनिकलला पहिला आलास, मी कसाबसा पास. तू कारखाना काढलास, मी ॲसिडात हात घालत होतो. आयुष्यात एकच गोष्ट मला तुझ्यापेक्षा बरी जमायला लागली होती, आणि तीही मला जमत नव्हती.

तू एकदा विचारलंस बरं का. ‘तुमच्याकडे आधी येत असेल ना रे हे सगळं?’ मी म्हटलं, ‘छे, रोजचं रोज येतं. संपादकांच्या खोलीत. आम्हाला संध्याकाळी मिळतं.’ तू मान हलवलीस. माझ्यावर विश्वास ठेवायला तुला काही जोर लावावा लागत नसे. त्यानंतर वर्षानुवर्षं दुधाच्या रांगेत तू उभा राहिलास. कारखान्याचा मालक झाल्यावरही, हातात दोन कार्डं, गळ्यात टॉवेल. बूथवरचा माणूस विचारायचा, ‘काय सार, परत हरलात?’ आणि तू अभिमानाने सांगायचास, ‘आमचा किट्टू पोलिसात हवा होता.’

आपलं एक भांडण मात्र कधी मिटलं नाही. तुझं म्हणणं असं, की लार्कमची गोष्ट अर्धवट संपते. पाच जणांवर संशय घेतो, पाचांच्या घरात शिरतो, बायकांसमोर, नोकरांसमोर त्यांना उलटंसुलटं विचारतो. एक जण पिंजऱ्यात जातो. बाकीच्या चौघांचं काय? ‘त्या माळ्याला आता गावात कोण काम देणार? सांग की.’ मी म्हणायचो, ‘अरे, निर्दोष सुटला ना तो.’ तू म्हणायचास, ‘सुटला कुठे? त्याला धरलंच नव्हतं, सुटणार कसा? त्याच्याकडे नुसतं बघितलं, आणि ते बघणं राहिलंच.’ म्हणून तू गोष्टीची शेवटची पट्टी कापलीस की तिच्याखाली पेन्सिलीने स्वतःची चौथी चौकट काढायचास. तुला चित्र काय येत होतं! काडीचे हातपाय. पण लार्कम ओळखू यायचा, कारण त्याची हॅट हातात असायची. कुणाच्या तरी दारात उभा, हॅट काढून. मी चेष्टा करायचो. ‘इन्स्पेक्टर माफी मागत फिरायला लागला तर गुन्हे कधी शोधणार?’ तू म्हणायचास, ‘एक दिवस कमी शोधेल. जग बुडत नाही.’

आता वासूकडे, तुझ्या धाकट्या भावाकडे येतो. टाळून टाळून इथवर आलो.

तुझे बाबा गेले तेव्हा वासू इतका लहान, की त्याला तेराव्याचे लाडू तेवढे आठवत. बाबांनी तुला देवनागरी शिकवली होती, मला शेजारी बसवून माझाही हात घोटून घेतला होता. वासूपर्यंत ते पोचलेच नाहीत. तो घरात आपल्यासारखंच मराठी बोलायचा, पण वाचायचा तमिळ. त्याची फी तू भरलीस, त्याचे कान तू पिळलेस, तो नापास झाला तेव्हा शाळेत तू जाऊन बसलास. मग त्याला कारखान्यात घेतलंस. ‘अण्णा’ म्हणून तुला हाक मारायचा, ती बाप म्हटल्यासारखी.

कारखान्यात तुझ्याकडे स्लिप गेजची पेटी होती. आरशासारखे घासलेले पोलादी ठोकळे, मापं तपासायचे. विलायती. तुझ्या पहिल्या मालकाने तू नोकरी सोडताना हौसेने दिलेले. रोज लागायचे नाहीत, म्हणून कपाटात कुलपात, आणि किल्ली मुरुगनच्या तसबिरीमागे. एके दिवशी कपाट उघडलंस आणि पेटी नव्हती.

त्या संध्याकाळी तू तिण्णैवर आलास तेव्हा चेहऱ्यावर रंग नव्हता. ‘किट्टू, लार्कमची नाही, आज माझी गोष्ट आहे. डोकं लाव.’

मी काय करायला हवं होतं हे आता कुणीही सांगेल. ‘मला काय कळतंय डा, पोलिसात जा’ म्हणायला हवं होतं. पण तू माझ्याकडे ज्या डोळ्यांनी बघत होतास, ते डोळे मला सोडवेनात. मी दोन-तीन प्रश्न विचारले, अगदी लार्कमसारखे, मध्ये थांबून. कुलूप फोडलंय का? नाही. किल्लीची जागा कुणाला ठाऊक? तुला आणि वासूला. हल्ली वासू कसा वागतो? गप्प गप्प असतो, तू म्हणालास.

त्या आठवड्यात खात्यात मी नवी गोष्ट लावली होती. घड्याळवाल्याच्या दुकानातली चोरी. शेवटच्या पट्टीत लार्कमच्या फुग्यात एक वाक्य होतं, आणि तेच मी तुला मराठीत सांगितलं. ‘परक्याला किल्लीची जागा कशी कळेल? घरचाच. धाकटा.’

एवढंच. माझ्याकडे दुसरं काहीही नव्हतं, सुंदर. ना बूट कोरडे, ना चिखल ओला. विचारल्यावर लगेच उत्तर द्यायची सवय लागली होती, आणि त्या दिवशी डोक्यात जो गुन्हेगार ताजा होता तो मी तुझ्या हातात ठेवला.

तू म्हणालास, ‘तो नसेल रे.’ आणि मी खांदे उडवले. ते खांदे उडवणं मला अजून आठवतं. नुसतं ‘नसेलही’ म्हटलं असतं तरी चाललं असतं.

दुसऱ्या दिवशी कारखान्यात, लेथवरच्या माणसांसमोर, तू वासूला पिशवी उलटी करायला लावलीस. त्याने केली. डबा, टॉवेल, कंगवा, बसचा पास. पेटी काही त्या पिशवीत मावणारी नव्हतीच, हे तुलाही दिसत असणार. पण तू म्हणालास, ‘कुठे विकलीस?’ वासू डबा तिथेच सोडून निघून गेला. पुढे त्याने तांबरमला बॅटरीच्या दुकानात नोकरी धरली, तिथेच बिऱ्हाड केलं, लग्नही तिथेच केलं. तुला त्या लग्नाची पत्रिका शेजाऱ्याच्या हाती आली, आणि तू गेला नाहीस.

त्या प्रकारानंतर थोड्याच दिवसांत घड्याळवाल्याची गोष्ट पेपरात संपली. तू पट्टी कापून घेऊन आलास. ‘बघ रे, इथंही धाकटाच. दोन्हीकडे तू बरोबर.’ मी ती पट्टी हातात घेतली. खाली चौथी चौकट काढलेली नव्हती. त्यानंतर तू ती कधीच काढली नाहीस. मी पाहिलं, पण विचारलं नाही.

अम्मा मात्र मला धरून बसायची. ‘किट्टू, तू शहाणा आहेस ना, वासूनं घेतली असेल का रे? माझ्या पोटचा आहे, मला वाटत नाही.’ मी म्हणायचो, ‘मामी, मला काय ठाऊक.’ हे तेवढं खरं होतं. ते योग्य माणसाला, योग्य वेळी सांगायचं राहिलं होतं, इतकंच. ती महिन्यातून एकदा लोकलने तांबरमला जायची, पिशवीत मुरुकू आणि लोणचं घेऊन. परत आली की तुला वासूचं काही सांगत नसे, आणि तू विचारत नसायचास. पण त्या दिवशी तू दाराशीच बसून असायचास. अम्मा वारली तेव्हा वासू येऊन गेला. तुम्ही दोघे तिला दोन बाजूंनी खांदा देऊन चाललात आणि एकमेकांकडे पाहिलं नाहीत. मी मागच्या बाजूला होतो. मला दोघांच्याही पाठी दिसत होत्या.

पेटी सापडली ती अंबत्तूरला. तुझ्या एका जुन्या गिऱ्हाइकाचा कारखाना दुसरीकडे हलत होता, तर त्यांच्या स्टोअरकीपरला माळ्यावर तुझ्या नावाची पेटी मिळाली. भला माणूस, स्वतः बसने घेऊन आला. तेव्हा तुला सगळं आठवलं. माल नापास केला म्हणून त्यांच्या तपासनिसाशी तू भांडायला गेला होतास, मापं दाखवायला पेटी सोबत नेली होतीस, आणि संतापात टेबलावरच टाकून परत आला होतास. कपाट त्यानंतर कित्येक आठवडे उघडलंच नव्हतंस.

तू पेटी माझ्या मांडीवर ठेवलीस. ‘चोर मीच निघालो, किट्टू.’

आणि मग विचारलंस. रागाने नाही, एखादं माप जुळत नसलं की तू विचारायचास तसं. ‘तुला तेव्हा नेमकं काय दिसलं होतं रे? वासू म्हणून तू कशावरून म्हणालास?’

माझ्या आयुष्यात दार इतकं सताड उघडं पुन्हा कधी नव्हतं. मी म्हणालो, ‘आठवत नाही, सुंदर. फार दिवस झाले.’

तू माझ्याकडे बघत राहिलास. मग तमिळमध्ये ‘सरी’ म्हणालास, ‘बरं’ म्हणावं तसं, आणि पेटी उचलून घेतलीस. त्यानंतर आपण लार्कमवर बोललो नाही. तसाही पेपरने तो बंद केलाच होता, त्या जागी राशिभविष्य आलं होतं. तू मला कधी एका शब्दाने दोष दिला नाहीस. विमलच्या मराठीवरून माझी चेष्टा करायचास, ‘सांगलीची बायको केली आणि तुझ्या मराठीला स्टार्च लागला,’ ती तशीच चालू राहिली. मला वाटलं, सुटलो. खरंच वाटलं.

इस्पितळात शेवटी शेवटी तुला बोलताना धाप लागायची. मी रोज येऊन बसायचो. एका दुपारी डॉक्टर काही न सांगता पुढच्या खाटेकडे गेले, आणि तू डोळे मिटूनच म्हणालास, ‘काय किट्टू, शेवटची पट्टी बघून आलायस ना? सांग की.’

मी हसलो. तूही हसलास थोडा. मी तुझी चादर सारखी केली आणि खिडकीतून बाहेर बघत बसलो. तुला कधीपासून कळलं होतं, सुंदर? ‘सरी’ म्हणालास तेव्हापासून? की दुधाच्या रांगेत उभा राहायचास तेव्हापासूनच? कळत असताना उभा राहायचास, हा विचार मी फार वेळ करू शकत नाही.

तुझं लग्न झालं नाही, मूलबाळ नाही. अग्नी वासूने दिला. पंचा नेसून, डोक्यावरून पाणी घेऊन, भटजी सांगतील ते सगळं त्याने केलं. केस पिकलेत त्याचे. चालताना मागून तो तूच वाटतोस.

तेराव्याला पंगती उठल्यावर तो बाहेर तिण्णैवर येऊन बसला, तुझ्या अर्ध्यावर. मी माझ्या. त्याच्या बायकोने दोन टंबलर कॉफी आणून ठेवली. तो म्हणाला, ‘किट्टण्णा, पेटी सापडली तेव्हा अण्णा आमच्या घरी आला होता, ठाऊक आहे तुम्हाला?’

मला ठाऊक नव्हतं. तू मला सांगितलं नव्हतंस.

‘लोकलने आला. घामाघूम. दारात उभा राहिला, पंख्याखाली बस म्हटलं तरी बसेना. चूक झाली म्हणाला. माझ्या पोरांसमोर म्हणाला. मी काय बोलणार? कॉफी दिली. एकच विचारलं त्याला. अण्णा, माझं नाव तुला कुणी सांगितलं होतं?’

मी हातातल्या टंबलरकडे बघत होतो.

‘म्हणाला, कुणी नाही डा, मलाच वाटलं.’ वासूने पंच्याने तोंड पुसलं. ‘तिथंच सगळं मोडलं बघा, किट्टण्णा. कुणी कान भरले असते ना, तर मी त्याच दिवशी त्याच्याबरोबर परत आलो असतो. माणूस फसतो, काय एवढं. पण अण्णाला आपलं आपण वाटलं. ज्यानं वाढवलं त्याला. ते काही निघालं नाही इथून. तो दिवाळीला यायचा, मी नमस्कार करायचो, पोरं पाया पडायची. पण निघालं नाही.’

म्हणजे तू चौथी चौकट काढलीस, सुंदर. पेन्सिलीशिवाय. हॅट नव्हती, तर नुसताच दारात उभा राहिलास. आणि त्याने विचारलं तेव्हा माझं नाव घेतलं असतंस तर भाऊ मिळाला असता तुला. उरलेली सगळी वर्षं मिळाली असती. तू मला वाचवलंस आणि त्याला गमावलंस, आणि दुसऱ्या दिवशी मंडळात माझ्या शेजारी बसून माझ्या मराठीची टर उडवलीस.

वासू माझ्याकडे बघत होता. काही ऐकायची वाट बघतोय असं नव्हे. सांगून झालं होतं त्याचं. मी म्हणालो, ‘कॉफी घे, वासू. निवतेय.’

त्याने ती घेतली आणि तांबरमची गाडी गाठायला निघाला.

मी हे मराठीत लिहितोय, मंडळाच्या अंकात. वासूला देवनागरी वाचता येत नाही, त्याच्या मुलांना तर नाहीच. लिहायला बसलो तेव्हा हे मला माहीत होतं, आणि खरं सांगायचं तर म्हणूनच हात चालला. कुणी वाचून त्याला सांगेल, अशी आशाही मनात आहे. ही माझी नेहमीचीच वाट झाली, दुसऱ्याच्या तोंडून काम उरकायची. ती मला या वेळी चालणार नाही.

तुझी माफी मागायला तू नाहीस, आणि असतास तर विषय बदलला असतास. माझ्याकडून जे येणं आहे ते वासूचं आहे. तांबरमला जाऊन, त्याच्यासमोर उभं राहून, माझ्या तोंडाने त्याला सांगायचं आहे, की वासू, तुझं नाव अण्णाच्या मनात आलं नव्हतं. ते मी घातलं, आणि एका पेपरातल्या चित्रावरून घातलं. अण्णा म्हणाला होता, ‘तो नसेल रे.’ हे तीन शब्द वासूचे आहेत. ते मी त्याला अजून दिलेले नाहीत.